शंका तुमची: केनियाच्या डोंगराचं तोंड कुठे गेलं?

प्रश्न : ताई, माझे आजोबा नोकरीसाठी नैरोबीला होते, तेव्हा आपले गोंयकार बरेच तिथे जायचे. घर आवरताना त्यांचा एक फोटो मिळाला, मागे लिहिलंय 'माऊंट केनिया, नान्युकीहून, 1958'. मुलगा म्हणतो हा ज्वालामुखी आहे. पण फोटोत तर नुसते तुटके सुळके दिसतात, ज्वालामुखीला वर तोंड असतं ना? आणि विषुववृत्तावर बर्फ कसं? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय. हा ज्वालामुखीच, पण तो विझून साधारण 26 लाख वर्षं झाली. तेव्हा त्याची उंची सहा हजार मीटरच्या वर असावी असा अंदाज आहे, आज बाटियन हे सगळ्यात उंच टोक 5,199 मीटर आहे. मधलं सगळं झिजलं, तोंडसुद्धा. फणसाचे गरे काढून झाले की मधला दांडा उरतो ना, तसं समजा. शेवटचा लाव्हारस नळीतच अडकला, आतल्या आत सावकाश थंड झाला आणि त्याचा कठीण दगड झाला, सायेनाइट म्हणतात त्याला, आजूबाजूचे राखेचे आणि लाव्हाचे थर त्यामानाने कच्चे, ते गेले. म्हणजे आजोबांनी फोटो काढलाय तो डोंगराच्या घशाचा!

हे कोरीवकाम मुख्यतः बर्फाचं. दिवसा पाणी फटीत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दगड फुटतो, तो तुकडा हिमनदी उचलून नेते आणि त्यानेच खालचा खडक घासते. चहूबाजूंनी हिमगव्हरं, म्हणजे हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेले वाटीसारखे खळगे, अशी मागे मागे खात गेली की मध्ये सुळका राहतो, भूगोलात आपण गिरिशृंग शिकलो तेच. तिथली टेलेकी दरी बघा, तळ रुंद, यू आकाराची. आपल्या सत्तरी तालुक्यातल्या दऱ्या पावसाने आणि नद्यांनी कापलेल्या, म्हणून खाली निमुळत्या. मला हा फरक बघायला फार आवडतो, दरीच्या आकारावरून कळतं की इथून बर्फ गेलं की पाणी.

आता विषुववृत्ताचं. दर किलोमीटरला साधारण साडेसहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे किनाऱ्यावर 30 असेल तर पाच किलोमीटर वर शून्याच्या खाली. 1849 मध्ये क्राफ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने हे बर्फ पाहिल्याचं सांगितलं तर युरोपातल्या लोकांना ते पटेना, तेव्हा तुमची शंका अगदी रास्त आहे.

फोटो मात्र जपा, खरंच सांगते. 1899 मध्ये मॅकिंडर हा ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ बाटियनवर पहिल्यांदा चढला तेव्हा इथे 18 हिमनद्या होत्या, त्यातल्या कितीतरी आता संपल्या आणि उरलेल्या झपाट्याने आटतायत. आजोबांच्या फोटोत सुळक्यांखाली जे पांढरे पट्टे दिसतात ते आज तुम्ही नान्युकीत जाऊन उभे राहिलात तरी तेवढे दिसणार नाहीत. स्कॅन करून पाठवलात तर पुढच्या अंकात आजच्या फोटोशेजारी छापू.