स्वादुपिंड आतड्यात कसं?

प्रश्न: आमचे हे 56 वर्षांचे, मालवणात मासेमारी करतात. चार महिने जेवलं की पोट फुगायचं, मग उलट्या. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा काही सापडलं नाही. शेवटी आतडं अडलं, ऑपरेशन झालं. रिपोर्टात लिहिलंय, लहान आतड्यात स्वादुपिंडाचा तुकडा होता, कॅन्सर त्यातूनच झाला. सीटी स्कॅनमध्ये मूळ स्वादुपिंड चांगलं आहे. मग हा पसरून आलाय का? माझ्या तिखटानं झालं असं सासूबाई म्हणतात. पुढचं गणपतीनंतर पाहिलं तर चालेल?

उत्तर: ताई, आधी तिखटाचं. तुमच्या हातच्या कालवणानं हे झालेलं नाही, सासूबाईंना हे वाचून दाखवा. तो तुकडा यजमानांच्या पोटात जन्माआधीपासून होता. गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमारास स्वादुपिंडाचे कोंब आतड्याच्या नळीतूनच फुटतात आणि पुढे एकत्र येतात. तेव्हा एखादा कण आतड्याच्या भिंतीत मागे राहतो. हापूसच्या बागेत कुणी न लावता काजूचं रोप उगवावं, तसा तो तिथेच वाढतो. मूळ स्वादुपिंडाशी त्याची नळी नाही की रक्तवाहिनी नाही. 1727 पासून याची नोंद आहे. रत्नागिरीत 34 वर्षं मी पोटाच्या शस्त्रक्रिया केल्या. अशी पिवळट, टणक गाठ मला मोजक्या वेळाच दिसली आणि दर वेळी ती निरुपद्रवी निघाली. कॅन्सर होतो तो शंभरातल्या एखाद-दुसऱ्यालाच.

पसरून आला नाही हे कसं कळतं? गाठीशेजारी स्वादुपिंडाच्या निरोगी पेशी आणि नलिका दिसतात, त्यांचं कॅन्सरमध्ये होत गेलेलं रूपांतरही दिसतं, आणि मूळ स्वादुपिंडात गाठ नसते. दुर्बिणीत सापडलं नाही याचं मनाला लावून घेऊ नका. नेहमीची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते, शिवाय हा तुकडा बहुधा अस्तराखाली दडलेला असतो.

गणपतीनंतर मात्र नको. केमो द्यायची ठरली तर जखम भरल्यावर फार थांबत नाहीत. हॉस्पिटलातून गाठीच्या तपासणीच्या काचा (स्लाइड) आणि तिचे तुकडे जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या आणि परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवा. कापून काढलेल्या आतड्याच्या कडा कॅन्सरमुक्त आहेत का, लसिकाग्रंथी किती तपासल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या, हे कागदावर लिहून न्या. चतुर्थीची पूजा यंदा घरातलं दुसरं कुणी करील.