रोज रोज बाळाचं रक्त कशाला काढतात?

प्रश्न: डॉक्टर, आमचं बाळ चार दिवसांचं आहे. मिसेसचं पाणी आदल्या दिवशीच फुटलं होतं. जन्मल्यावर सीआरपी ४ आला, नॉर्मल म्हणाले, दुसऱ्या दिवशी २८, मग काचेच्या पेटीत ठेवून अँटिबायोटिक चालू केलं. कल्चर निगेटिव्ह आलंय तरी आज परत रक्त घेतलं. घरचे म्हणतात बिल वाढवायचं काम चाललंय. खरं काय?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर: बिल मी बघितलेलं नाही, त्यावर बोलत नाही, रिपोर्टचं सांगतो. सीआरपी म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, ते लिव्हरमध्ये बनतं आणि इन्फेक्शन झाल्यावर ते वाढायलाच ६ ते १२ तास लागतात, म्हणून जन्मल्या जन्मल्या आलेल्या ४ ला फारसा अर्थच नाही. १० च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात, त्यात पाणी फुटून १८ तासांच्या वर गेले असतील तर जंतूंना आत जायला वाट मिळते, मग वाट बघत बसण्यापेक्षा औषध चालू केलं ते बरोबरच केलं. तरी २८ म्हणजे सेप्सिसच, म्हणजे रक्तात पसरलेलं इन्फेक्शनच, असंही नाही हं, कळा फार लांबल्या किंवा बाळाने पोटातच शी करून ती श्वासात गेली तरी सीआरपी चढतो. प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे इन्फेक्शनसाठी तपासतात ती रक्ताची दुसरी टेस्ट, ते सीआरपीच्या आधी वाढतं, पण पहिल्या दोन दिवसांत ते ठणठणीत बाळातही आपोआप चढतं, तेव्हा महागाची टेस्ट म्हणजे पक्की टेस्ट असं समजू नका.

कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची टेस्ट, भरवशाचं, पण त्याला निदान १ मिली रक्त लागतं. तेवढं मिळालं नाही किंवा आईला आधी अँटिबायोटिक दिलेलं असलं तर जंतू असूनही निगेटिव्ह येतं.

आता आजचं रक्त. माझं मत विचाराल तर सीआरपी औषध चालू करण्यापेक्षा बंद करायला जास्त कामाचा. आकडा उतरलाय, कल्चर ४८ तासांनंतरही निगेटिव्ह आणि बाळ दूध नीट ओढतंय, असं असेल तर औषध कधी थांबवायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, उगाच लांबवलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आणि लॅब बदलली तर युनिट बघा, २८ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि २.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एकच, उतरला म्हणून पेढे वाटाल!

घरी नेल्यावर बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, गार लागलं किंवा मिनिटाला ६० च्या वर श्वास चालला तर लगेच दवाखाना गाठा. ताप आला तर सोलापूरचं ऊन आहे, त्यानेच तापलं असेल म्हणून घरी थांबू नका.