पहिला पुश करण्याआधी

गिट म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारा प्रोग्राम. त्याविषयी आलेले प्रश्न पाहिले तर गोंधळ एकच दिसतो: आपल्या कॉम्प्युटरवरची रेपो (फाइली आणि त्यांच्या बदलांचा इतिहास) वेगळी आणि सर्व्हरवरची, म्हणजे गिटहबसारख्या वेबसाइटवरची, वेगळी, हेच लक्षात घेतलं जात नाही. आपल्याकडचं तिकडे पाठवणं म्हणजे पुश.

‘गिट इनिट’ दिलं, तरी गिटहबवर काहीच दिसत नाही. (देवगड)

दिसणारही नाही. इनिटमुळे तुमच्याच फोल्डरात ‘.गिट’ हा लपलेला फोल्डर तयार होतो, बस. पुढे ‘गिट अ‍ॅड .’ आणि ‘गिट कमिट -एम’ला जोडून संदेश द्या; कमिट म्हणजे बदलांची पक्की नोंद. गिटहबवर रिकामी रेपो काढा. तिथे रीडमी (माहितीची फाइल) जोडण्याच्या खुणेला हात लावू नका, नाहीतर दोन्हीकडचे इतिहास वेगळे होतात आणि पहिलाच पुश नाकारला जातो. मग ‘गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन’ आणि रेपोचा पत्ता (रिमोट म्हणजे दुसरीकडची रेपो, ओरिजिन हे तिचं नाव), ‘गिट ब्रँच -एम मेन’, शेवटी ‘गिट पुश -यू ओरिजिन मेन’. ‘जीएच’ (गिटहबचा कमांड लाइन प्रोग्राम) टाकलेलं असेल तर ‘जीएच रेपो क्रिएट’ वेबसाइट न उघडताच रेपो काढून देतं. पुश नाकारला म्हणून ‘--फोर्स’ लावा असं सांगणारे भेटतील; त्याने सर्व्हरवरचा इतिहास पुसून तुमचा बसतो. रेपोत दुसऱ्या कोणाचं काम असेल तर त्याला विचारल्याशिवाय लावू नका.

पासवर्ड बरोबर आहे, तरी पुश होत नाही. मित्र म्हणतो नवीन अकाउंट काढ. (रत्नागिरी)

काढू नका. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब कमांड लाइनवर अकाउंटचा पासवर्ड घेतच नाही. टोकन (पासवर्डऐवजी द्यायचा, गिटहबवर बनवलेला सांकेतिक शब्द) वापरा, नाहीतर ‘एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९’ने एसएसएच की, म्हणजे ओळख पटवणाऱ्या दोन फाइलींची जोडी, बनवा. ‘.पब’ शेपटाची फाइल गिटहबला द्यायची, दुसरी कोणालाच नाही. मशीन ऑफिसचं असेल तर आधी ते सांभाळणाऱ्याला विचारा.

प्रायव्हेट रेपोचे वेगळे पैसे पडतात, असं क्लासवाले सांगतात. (कणकवली)

गिटहबवर २०१९ पासून पडत नाहीत. क्लासवाल्यांना बिल मागा.

होमस्टेच्या साइटची ‘.ईएनव्ही’ (गुप्त सेटिंग्जची) फाइल पेमेंट गेटवेच्या कीसकट पब्लिक रेपोत गेली. डिलीट करून पुन्हा पुश केलं. आता धोका नाही ना? (मालवण)

आहे, आणि तेवढाच आहे. डिलीट हा फक्त नवा कमिट; मागच्या कमिटमध्ये की जशीच्या तशी आहे आणि ‘गिट लॉग -पी’ देणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. पब्लिक रेपोंमध्ये अशा की शोधणारे प्रोग्राम चालूच असतात. ‘रेपो प्रायव्हेट केली की झालं’ हेही ऐकीवच. तोवर कोणी क्लोन केली (पूर्ण प्रत उतरवून घेतली) असेल तर त्याच्याकडे सगळं आहे. म्हणून आधी गेटवेच्या डॅशबोर्डवर जुनी की रद्द करा, नवी घ्या. आज. सीझन संपल्यावर नव्हे. मधल्या काळातले व्यवहार गेटवेच्या सपोर्टकडून तपासून घ्या. इतिहास साफ करणं त्यानंतर: ‘गिट फिल्टर-रेपो’ने होतं, पण कमिटचे क्रमांक बदलतात, प्रत्येक सहकाऱ्याला नव्याने क्लोन करावं लागतं आणि कोणी फोर्क (गिटहबवरच स्वतःची प्रत) घेतला असेल तर तो तसाच राहतो. हे जाणत्याला शेजारी बसवूनच करा. ‘.गिटइग्नोअर’मध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) ‘.ईएनव्ही’ पहिल्या कमिटआधी लिहायचं असतं. गिट एकदा ज्या फाइलवर नजर ठेवू लागलं तिला ही यादी लागू होत नाही, तिथे ‘गिट आरएम --कॅश्ड .ईएनव्ही’ द्यावं लागतं. आणि प्रत्येक कमिटआधी ‘गिट स्टेटस’ वाचा. एंटर मारून पुढे जाऊ नका.

पावसाळ्यात नेट जातं. दुकानातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिमोट ठेवला तर? (चिपळूण)

ठेवा. तिथे ‘गिट इनिट --बेअर’ द्या (कामाच्या फाइली नसलेली, फक्त इतिहास ठेवणारी रेपो बनते) आणि शेअर केलेल्या फोल्डरचा पत्ता ‘गिट रिमोट अ‍ॅड दुकान’ला जोडा. एका रेपोला कितीही रिमोट चालतात. पण जुलै २०२१चा पूर आठवा: एकाच तळमजल्यावरच्या दोन प्रती एकदमच पाण्यात जातात. नेट आलं की ओरिजिनलाही पुश करा.