कोठडीच्या दाराशी उभं राहायचं काम

पत्र : सर, मी परभणी जिल्ह्यातली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राज्यशास्त्र घेऊन. दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास करतेय. गेल्या महिन्यात माझ्या चुलतभावाला चौकशीसाठी म्हणून नेलं आणि दोन रात्री ठेवून घेतलं. ठाण्यात विचारलं तर 'इथे कोणी नाही' म्हणाले. गुन्हा कसलाच नोंदला नाही. तो अजून रात्री दचकून उठतो. माहिती अधिकारात सीसीटीव्हीचं चित्रण मागितलं, तर 'तपासात अडथळा येईल' असं एका ओळीचं उत्तर आलं. अशा सरकारची नोकरी कशाला करायची? वकील व्हावं का? बाबा म्हणतात, डोक्यातून काढून टाक.

उत्तर : डोक्यातून काढून टाकावी अशी ही गोष्टच नाही. बाबांना तुझी काळजी वाटते, तीही खरी आहे. सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्याच परभणीत न्यायालयीन कोठडीत असताना गेला. तोही कायद्याचा विद्यार्थी होता. तुमच्या घरात हा विषय निघाला की सगळे गप्प का होतात, ते मला समजतं.

तरी तुला वकिली सुचली हे मला फार बरं वाटलं. फक्त वकिली म्हणजे मुंबईतलं मोठं कोर्ट आणि गाजलेले खटले, असं चित्र मनात असेल तर ते बाजूला ठेव. तुझ्या भावाला त्या दोन रात्री जो माणूस हवा होता, तो तालुक्याच्या कोर्टात सापडतो. अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं, हे राज्यघटनेच्या २२व्या कलमात लिहिलंय. मात्र त्या वेळी आरोपीच्या बाजूने बोलणारा कुणीतरी हजर असावा लागतो. रिमांडचं काम पाच-दहा मिनिटांतही उरकतं. वकील नसेल तर अंगावरचे वळ कोण दाखवणार?

एक जुना निकाल तू मिळवून वाच. शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८३. बारसे पत्रकार होत्या. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या १५ बायकांशी त्या बोलल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं, तेव्हा बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवून बायकांशी बोलायला सांगितलं. त्यातून आदेश निघाले : बायकांची चौकशी महिला पोलिसांच्या हजेरीतच व्हावी, अटकेची खबर विधी साहाय्य समितीला लगेच द्यावी, आणि छळाची काही तक्रार आहे का, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावं. पत्रकार, समाजकार्यकर्ती आणि न्यायाधीश या तिघांनी आपापलं काम केलं म्हणून ते झालं. या तिन्ही वाटा तुझ्यासाठी आजही मोकळ्या आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतोय, समाजकार्याकडे ओढा असेल तर तोही बघ.

पण मला विचारशील तर कायदाच घे. सीईटी दे, तीन वर्षांचं एलएल.बी. कर, बार कौन्सिलची परीक्षा दे. नंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आरोपींचा मोफत बचाव करणाऱ्या वकिलांचं कार्यालय असतं, तिथे जागा निघाल्या की अर्ज कर. दरमहा मानधन मिळतं, पण फार नाही. पहिली काही वर्षं ओढाताणीची जातील, हे घरी आत्ताच स्पष्ट सांग, लपवू नकोस.

आणि एमपीएससी! दोन वर्षं वाया गेली असं समजू नकोस. दिवाणी न्यायाधीश आणि प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची परीक्षा आपल्याकडे एमपीएससीच घेते. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानुसार त्यासाठी तीन वर्षांची वकिली लागते. त्या खुर्चीवर बसलेल्या बाईने मान वर करून आरोपीला विचारलं, "मारलं का तुला?" आणि उत्तर नोंदवून घेतलं, तर त्या ठाण्यात दुसऱ्या दिवशी हात उगारताना विचार होतो. सरकारी नोकरी म्हणून तू जिला नाकारते आहेस, त्यातच ही खुर्चीही येते.

हे सगळं पुढचं. आज मात्र माहिती अधिकाराचं उत्तर कोणत्या तारखेला मिळालं ते बघ. पहिलं अपील तिथून ३० दिवसांत करायचं असतं. त्यात लिही की गुन्हाच नोंदलेला नाही, मग तपास कुठला? आणि असला तरी त्यात अडथळा नेमका कसा येईल, हे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ठाण्यातलं चित्रण १८ महिने जपायला सांगितलंय, तेवढी साठवण नसेल तिथेही किमान एक वर्ष. ते पुसू नये, अशी मागणी वेगळ्या अर्जात पोलीस अधीक्षकांकडे कर, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. भावाला दवाखान्यात दाखवलं असेल तर ते कागदही जपून ठेव. जाताना बाबांना सोबत ने.