वाचकांचे प्रश्न : मधमाश्यांसाठी गावठी तेरडा

प्रश्न : साताऱ्यात घरामागे दहा फूट बाय सहा फूट जागा आहे. मधमाश्या-फुलपाखरांसाठी तेरडा लावायचा आहे. गेल्या पावसाळ्यात पाकिटातले बी लावले. निम्मे उगवलेच नाही, उरलेल्या रोपांना भरगच्च फुले आली, पण माश्या फिरकल्या नाहीत. कास पठारावरून बी आणावे का?

उत्तर : भरगच्च फुले आली म्हणजे ते बी डबल तेरड्याचे होते. पाकळ्यांच्या गर्दीत माशीला शिरायला वाट उरत नाही. एकेरी गावठी तेरड्याच्या फुलामागे नळीसारखी बारीक शेपटी असते, मकरंद तिच्यात असतो. माशी आत शिरली की वरचे पराग तिच्या पाठीला लागतात. पुढे परागकोश गळतात आणि त्याच जागी स्त्रीकेसर उघडे पडते, म्हणजे कोवळ्या फुलातले पराग माशी जुन्या फुलाला पोचवते.

कासवरून काहीही आणू नका. ते राखीव वन आहे, 2012 पासून जागतिक वारसा स्थळही. शिवाय जांभ्यावरच्या पातळ मातीतली तिथली कित्येक फुले बागेत जगतच नाहीत. बी गावातल्या बांधावरून, मालकाला विचारून घ्या. बोंड फुगून फिकट हिरवे झाले की हात लागताच फुटते, म्हणून आधी त्यावर कागदी पिशवी धरा. बी सावलीत वाळवून कागदातच ठेवा.

जूनमध्ये पावसाने माती नीट भिजली की बी बारीक वाळूत मिसळून वरच्यावर फेका आणि तळहाताने दाबा. वर अर्धा सेंटीमीटरपेक्षा जास्त माती नको. खोल गेलेले बी वर येत नाही. एक-दोन आठवड्यांत उगवते. मग वीस-पंचवीस सेंटीमीटरवर एकेक रोप ठेवून मधली उपटा, म्हणजे विरळणी कराच, दाटीत भुरी (पानांवर पांढरी बुरशी) येते. पाणी साचले तर खोड बुडाशी मऊ पडून रोप कोलमडते, म्हणून वाफा चार बोटे उंच करा. युरिया देऊ नका, नुसता पाला माजतो.

प्रश्न : तेरड्याची पाने मोठी अळी खाते. काय फवारावे?

उत्तर : शेपटीवर काटा असलेली जाड अळी असेल तर ती हॉक मॉथ या पतंगाची. काहीही फवारू नका. हाच पतंग संध्याकाळनंतर फुलांवर येतो. रोप अगदीच उघडे पडत असेल तर अळी उचलून दुसऱ्या तेरड्यावर सोडा. कीटकनाशक मारले तर ज्यांच्यासाठी तेरडा लावला, त्या माश्याच आधी मरतील.