लेकीचं मौन आणि तिच्या मित्राचं गुपित

न्यू जर्सीत राहणाऱ्या, मूळच्या नाशिकच्या एका आईचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

‘आमची मुलगी दहावीत आहे. एप्रिलमध्ये तिच्या शाळेतली काही मुलं दिवसभर न बोलता राहणार आहेत, समलिंगी आणि ट्रान्स मुलांना पाठिंबा म्हणून. हिनंही नाव दिलंय. का, विचारलं तर म्हणाली, माझा एक मित्र गे आहे, त्याला शाळेच्या बसमध्ये फार त्रास देतात. मुलाचं नाव ऐकून मी हबकलेच. त्याची आई आणि मी मंडळाच्या गणपतीत एकत्र मोदक वळतो. तीही नाशिकची, इंदिरानगरची. तिला यातलं काहीही माहीत नाही. तिला सांगू का? मुलीला भाग घेऊ देऊ का? तिचे बाबा म्हणतात, आपण इथे परके, कशाला पुढे पुढे करायचं. शिवाय त्याच सुमारास सासूबाई आणि सासरे गंगापूर रोडच्या घरून आमच्याकडे राहायला येतायत. आणखीही एक शंका मनात आहे, पण ती लिहवत नाही.’

ताई, सगळ्यात तातडीचं आधी सांगते. त्याच्या आईला सांगू नका.

तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं. एका आईनं दुसरीला अंधारात ठेवायचं, तेही रोजच्या उठण्याबसण्यातलीला, हे तुम्हाला टोचत असणार. पण ही गोष्ट त्या मुलाची आहे. त्यानं विश्वासानं ती तुमच्या लेकीला सांगितली आणि लेकीनं तुमच्यावरच्या विश्वासानं तुम्हाला. आपल्या आईला कधी, कुठे, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं असतं. कदाचित तो अजून सहा महिने थांबेल, कदाचित कॉलेजात गेल्यावर सांगेल. बाहेरून कळलं की आईच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘आणखी कुणाकुणाला ठाऊक आहे?’ मग मुलाचं बोलणं ऐकण्याआधीच लाज आणि राग घरात शिरतात. इथे नाशिकमध्ये समुपदेशनाला येणाऱ्या मुलांकडून मी हे ऐकत आले आहे. कुणाच्या चुलत भावानं घरी सांगितलं, कुणाच्या शेजारच्या काकूंनी. मग फोन काढून घेतला गेला, क्लास बंद झाला, मुलाला मामाकडे धाडलं. यातल्या कितीतरी घरांत आईबाप प्रेमळच होते. त्यांना धक्का पचवायला वेळ मिळाला नाही आणि मुलाला आपली बाजू मांडायला.

नाव न घेताही कुठे बोलू नका. नाशिकच्या बहिणीला फोनवर ‘आमच्या मंडळातल्या एकीचा मुलगा’ एवढं म्हटलंत, तरी इंदिरानगरपर्यंत पोचायला तेवढं पुरतं. दोन्ही घरांचे नातेवाईक एकाच शहरात आहेत. मुलीच्या बाबांना कळलं असेल तर त्यांनाही सांगा, विषय आपल्या दोघांतच थांबवायचा.

बसमधल्या त्रासाकडे मात्र काणाडोळा नको. न्यू जर्सीत २०११ पासून शाळेतल्या छळाविरुद्ध कडक कायदा आहे. लैंगिक कल आणि लिंगओळख यांवरून होणारा छळ त्यात स्पष्टपणे येतो आणि शाळेची बसही त्याच्या कक्षेत येते. तक्रार आली की शाळेला चौकशी करावीच लागते. इथे एक बारकावा आहे. चौकशी सुरू झाली की शाळा संबंधित मुलांच्या पालकांना कळवते. म्हणजे तुम्ही परस्पर तक्रार केलीत, तर ज्या घरी कळू नये म्हणून आपण जपतोय, त्याच घरी फोन जाईल. म्हणून आधी त्या मुलाला विचारू द्या. तुमच्या लेकीनं त्याच्यासोबत शाळेच्या समुपदेशकाकडे जावं आणि ‘घरी काय आणि किती सांगणार?’ हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

गुपित जपायला एकच अपवाद. तो मुलगा जीव द्यायचं बोलला, स्वतःला इजा करू लागला, तर क्षणभरही थांबू नका. शाळेला कळवा, अमेरिकेत ९८८ वर फोन करा, त्याच्या आईला गाठून सांगा की मुलगा फार खचलाय, त्याला एकटं सोडू नका. एवढं पुरतं. तो का खचलाय, हे तेव्हाही त्यालाच सांगू दे.

आता शाळेतल्या त्या मौनाच्या दिवसाविषयी. १९९६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो अमेरिकेतल्या शाळाशाळांत पसरला. चिडवण्याच्या आणि मारहाणीच्या भीतीनं जी मुलं रोज गप्प बसतात, त्यांच्यासाठी इतरांनी एक दिवस गप्प राहायचं, ही त्यामागची कल्पना. मुलं जवळ एक छोटं कार्ड ठेवतात. कुणी बोलायला आलं की ते दाखवायचं. त्यावर आपण का बोलत नाही, ते लिहिलेलं असतं. २००८ सालचा हा दिवस कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डच्या लॉरेन्स किंगच्या स्मरणात पाळला गेला. पंधरा वर्षांच्या त्या मुलाला वर्गमित्रानं शाळेतच गोळ्या घातल्या होत्या. मुलांना ही गोष्ट किती गंभीर वाटते, ते यावरून ध्यानात येईल.

बाबांचं ‘आपण परके’ हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. परदेशात नोकरी, व्हिसा, घराचं कर्ज असा सगळा डोलारा सांभाळणाऱ्या माणसाला सावध राहावंच लागतं. पण शाळेत शांतपणे मत मांडण्याचा हक्क तिथल्या मुलांना बऱ्याच आधी मिळाला आहे. १९६५ साली आयोवातल्या डे मॉइन शहरात काही मुलं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेली. शाळेनं त्यांना घरी पाठवलं. १९६९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल दिला. त्यात म्हटलं होतं की शाळेच्या फाटकातून आत आल्यावर विद्यार्थी आपलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य गमावत नाहीत. हे सरकारी शाळांना लागू आहे. खासगी शाळेचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहा.

हक्काला मर्यादाही आहे. मधल्या सुट्टीत, कॉरिडॉरमध्ये, डबा खाताना ती गप्प राहू शकते. वर्गात शिक्षकांनी प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून आठवडाभर आधी तिनं स्वतः शिक्षकांना ईमेल लिहावा, उत्तरं लिहून दिली तर चालतील का, असं विचारावं. त्या दिवशी तोंडी परीक्षा किंवा सादरीकरण असेल तर तिनं बोलावं. त्यात काही बिघडत नाही. ज्यांना हा उपक्रम पटत नाही, अशीही मुलं वर्गात असतील आणि त्यांनाही आपलं मत मांडायचा तितकाच हक्क आहे. त्यांच्याशी वाद न घालता दिवस काढायची तयारी असेल, तरच भाग घे, असं तिला सांगा.

फोटो मात्र कुठेच टाकायचे नाहीत. व्हिसाच्या अर्जात समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, त्यामुळे बाबांचा जीव थोडा भांड्यात पडेल, हा एक भाग. मोठं कारण तो मित्र. कार्ड हातात धरलेल्या पाच जणांच्या फोटोत तो उभा असला आणि मंडळाच्या ग्रुपवर तो फोटो फिरला, तर वर लिहिलेली सगळी काळजी वाया जाईल.

आजीआजोबांची तुम्हाला वाटते तितकी भीती बाळगू नका. २०१६ च्या सप्टेंबरात नाशिकच्या रस्त्यांवरून मराठा क्रांती मूक मोर्चा गेला, तो त्यांनी पाहिला असेल. मागण्यांबद्दल कुणाचं मत काहीही असो, लाखोंची गर्दी एकही घोषणा न देता चालत होती आणि त्या मोर्च्यांत निवेदन द्यायला मुली पुढे होत्या, हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याआधीचं सांगायचं तर २ मार्च १९३० रोजी याच शहरात काळाराम मंदिराच्या दारांशी बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही बसले. आवाज न चढवता हक्क मागणं नाशिकच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘आजोबा, माझ्या वर्गातल्या मुलांना बायल्या म्हणून मारतात, म्हणून मी आज बोलणार नाही,’ असं नातीनंच सांगू दे. अर्थात नाव कुणाचंच घ्यायचं नाही. आजोबांनी ‘हे आपल्याकडे चालत नाही’ म्हटलंच, तर तुम्ही सांगा की ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले. लग्नाला मान्यता अजून मिळालेली नाही, २०२३ च्या निकालात न्यायालयानं ती दिली नाही. पण गुन्हा नाही, हे नक्की.

आणि ती शंका. ताई, तुम्ही लिहिली नाहीत तरी मला कळली. आपली लेकही तशीच असेल का?

तिला विचारू नका. मैत्रीखातर भाग घेणारी मुलं असतातच आणि तुमची लेक त्यांतली एक असू शकते. कदाचित नसेलही. पण आज त्या मित्राबद्दल तुम्ही घरात कसं बोलता, हे ती कान देऊन ऐकतेय. ‘बिचाऱ्याची आई’ असा एक सुस्कारा तुम्ही टाकलात, तरी स्वतःबद्दल काही सांगायचं असेल तर ती आणखी चार वर्षं सांगणार नाही. ‘चांगला मुलगा आहे, त्याला एकदा जेवायला बोलाव’ असं म्हणालात तर तिला जे हवं ते कळेल. आणि खरंच बोलवा त्याला.

उद्या तसं काही असलंच, तर कुणीतरी नाशिकहून फोन करून सांगेल की त्र्यंबकेश्वरला एखादी शांत करून घ्या, मुलं ताळ्यावर येतात. मनाच्या समाधानासाठी दर्शनाला जरूर जा, पण पोरीला ‘बरं’ करायला तिथे बसवू नका. डॉक्टरकडेही त्यासाठी नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि भारतातल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असा कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. जो डॉक्टर बदलून देतो म्हणेल, त्याच्या दवाखान्यातून उठून या.

हे वाचणाऱ्या आखातातल्या पालकांसाठी चार ओळी. सौदी अरेबिया, कतार अशा देशांत समलिंगी संबंध गुन्हा आहेत. वर लिहिलेला शाळेतला भाग तुमच्यासाठी नाही. तिथे कार्ड नको, फीत नको, फोनवरून संदेशही नकोत. मुलांना घरातच सगळं समजावून सांगा. कुणी विश्वासानं काही सांगितलं तर ते लिहून ठेवायचं नाही, पुढे पाठवायचं नाही, हे आधी शिकवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात आल्यावर सविस्तर बोलता येईल.