इन्शुलिनची पानं खातात, मग गोळ्या बंद करू का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. बाबांना बरीच वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. शेजारच्या काकींनी इन्शुलिनच्या झाडाची कुंडी दिली, तेव्हापासून रोज सकाळी दोन पानं चावून खातात, वर म्हापशाच्या बाजारातून गुडमारची पावडर आणलीय. फास्टिंग 160 वरून 128 वर आली तर आता म्हणतात गोळ्या बंद करतो, झाडपाल्याने काय अपाय होणार. तसा रात्रीचा भातही सोडलाय आणि संध्याकाळी चालायला जातात. काय सांगू त्यांना?

उत्तर: भात आणि चालण्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला वाटतं निम्मंअधिक श्रेय त्यालाच जाईल, पानांचा वाटा किती हे आता कोण वेगळं करून सांगणार?

पानांत काही नाहीच असं मात्र मी म्हणणार नाही. मेटफॉर्मिनचंच बघा ना, गॅलेगा नावाच्या युरोपातल्या झुडपात शुगर उतरवणारं द्रव्य सापडलं पण ते विषारी निघालं, मग त्या द्रव्याच्याच रासायनिक कुळातलं मेटफॉर्मिन 1922 मध्ये लॅबमध्ये बनवलं, आणि पॅरिसच्या डॉ. स्टर्न यांनी पेशंटवर वापरून 1957 मध्ये छापलं. म्हणजे मधे 35 वर्षं गेली. इन्शुलिनच्या पानांवरचे बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत, त्यांना औषध टोचून स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात आणि मग पानांचा आटवलेला अर्क वजनाप्रमाणे मोजून देतात. बाबांचा टाइप टू वेगळा, त्यात इन्शुलिन बनतं पण नीट लागू पडत नाही, आणि कुंडीतल्या पानात किती काय आहे ते कोणी मोजलंय?

‘झाडपाल्याने काय अपाय’ हे मला अजिबात पटत नाही. आपल्या परसातली बिमलं, ती आंबट फळं, घ्या, कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून त्याचा रस पिऊन केरळात लोकांच्या किडन्या बंद पडल्यात, त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या क्षारामुळे. आणि 2023 ला छापलेल्या आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत डायबेटिसमध्ये गोवा देशात पहिला, 26.4 टक्के, त्यामुळे असे उपाय घरोघरी चालणारच.

गोळ्या बंद करू देऊ नका. पानं आणि पावडर दोन्ही डॉक्टरांना दाखवा, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून घ्या, आणि एका फास्टिंगवर न जाता एचबीएवनसी करा, त्यात साधारण तीन महिन्यांचा हिशोब कळतो. तो चांगला आला तर डोस डॉक्टरच कमी करतील. ग्लिमेपिराइडवर गुडमार घेतलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं झालं आणि शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. गुडमारचं पान चावलेलं असेल तर साखर वाळूसारखी लागते, गोड लागतच नाही, पण तो परिणाम फक्त जिभेवरचा, रक्तात ती साखर पोचतेच, तेव्हा ‘गोड नाही’ म्हणून अर्धी ठेवली तरी सगळी प्यायला लावा.